महालिंग मिस्त्रींनी ओळखलेली भिंत

मी आज स्वतःला पुरातत्त्वज्ञ म्हणवून घेतो ते ज्या एका माणसामुळे, त्यांचं नाव महालिंग शिवाप्पा मिस्त्री. बार्शीच्या शाळेतल्या गुरुजींनी मला वाचायला लावलं, बाजार समितीत पोती वाहून वडिलांनी पुण्याला पाठवलं, पुण्याच्या प्राध्यापकांनी एम.ए. करून घेतलं. या सर्वांचा मी मनापासून आभारी आहे. पण माती वाचायला मला शिकवलं ते मंगळवेढ्याकडच्या या गवंड्यानं, आखातातल्या अल ऐनच्या खजुरांच्या बागांलगत. दीड महिन्यापूर्वी साइटवर निघताना त्यांच्या मुलाचा, शिवानंदचा फोन आला. "बाबा परवा गेले. झोपेतच. तुम्हाला कळवायचं होतं... शेवटपर्यंत ‘आमचा एम्मे’ म्हणूनच विचारायचे."

त्यानंतरच्या शुक्रवारी शारजात, रोल्ला भागातल्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाने शोकसभा घेतली. अध्यक्ष एका कंपनीत फायनान्स मॅनेजर आहेत. मिस्त्री एकदा गणपतीला आले तेव्हा याच अध्यक्षांनी त्यांना पाहून मला बाजूला घेतलं होतं आणि विचारलं होतं, "अहो, लेबर लोकांना पण बोलावलंय का तुम्ही?" आता तेच माईकवर म्हणाले, "आखातात मराठी संशोधनाचा झेंडा रोवणारा थोर पुरातत्त्वज्ञ आपल्यातून गेला." टाळ्या पडता पडता राहिल्या. मग मला बोलायला लावलं आणि मी कृतज्ञतेचं छान भाषण केलं. असली भाषणं मला चांगली जमतात. चहाच्या वेळी अध्यक्षांची कॉलेजात जाणारी मुलगी जवळ आली आणि तिने साधा प्रश्न विचारला, "अंकल, वॉज ही अ रियल आर्किऑलॉजिस्ट?" मी कप तोंडाला लावला आणि हसलो. हा लेख तिच्यासाठी आहे. तिला मराठी वाचता येत नाही. तिच्या वडिलांनी वाचून दाखवावा, माईकशिवाय.

नव्वदच्या दशकात मी शारजात आलो तो बांधकाम सामानाच्या गोदामात. एम.ए. पुरातत्त्व, आणि व्हिसावर हुद्दा स्टोअरकीपर. वर्षभराने कळलं की अल ऐनला उत्खनन करणाऱ्या एका परदेशी पथकाला सापडलेल्या वस्तूंची नोंदवही ठेवणारा माणूस हवाय. हुद्दा तोच राहिला, पण निदान खड्ड्याजवळ पोहोचलो. पहिल्याच आठवड्यात मला एक खड्डा नीट करायला दिला. पुण्यात शिकवलेलं सगळं आठवून मी कडा अशा सरळ कापल्या की सुरीने केक कापावा. मागून आवाज आला, "थांब बे. भिंत खाल्लीस की!"

मागे डोक्याला पंचा गुंडाळलेला, पन्नाशी उलटलेला माणूस उभा होता. मला भिंत दिसत नव्हती. दिसत होती ती सुकलेली पिवळट माती, जशी आजूबाजूला तशीच तिथेही. मी जरा तोऱ्यात सांगितलं, की मी पुरातत्त्वात एम.ए. आहे. "असंल की," ते म्हणाले. "भिंतीला कुठं ठावं हाय?" त्यांनी तोंडात पाणी घेतलं आणि कापलेल्या कडेवर फुर्र करून फवारलं, इस्त्रीवाला कपड्यावर मारतो तसं. मग उकिडवे बसून राहिले. मीही बसलो. बघता बघता मातीत गडद रेषा उमटू लागल्या, आडव्या, उभ्या, वहीच्या चौकटींसारख्या. कच्च्या विटा एका मातीच्या आणि त्यांच्यामधला चिखल दुसऱ्या मातीचा. दोन्ही पाणी वेगवेगळं पितात. चार-पाच मिनिटं ती भिंत उभी राहिली आणि उन्हाने पुसून गेली. तेवढ्यात मिस्त्रींनी थापीच्या टोकाने रेषा कोरून घेतल्या होत्या. मी आडवा हात घालून दोन थर कापून काढले होते, हजारो वर्षं जे कुणी कापलं नव्हतं ते. "चूळ कशाला? फवाऱ्याची बाटली आहे की," मी म्हणालो. "तोंडात पाणी असलं की माणूस बोलत न्हाई," ते म्हणाले. "बघतंय."

डॉक्टर, म्हणजे आमचे पथकप्रमुख, धावत आले, म्हणाले, "गुड, वी हॅव अ वॉल," आणि फोटो काढून घेतले. डॉक्टरांना ते तोंडाने पाणी फवारणं किळसवाणं वाटायचं. नीट विचार करा: मेलेल्या माणसांची हाडं ब्रशने साफ करणाऱ्या माणसाला जिवंत माणसाच्या तोंडातल्या पाण्याची किळस! ते मायदेशातून प्लास्टिकची फवाऱ्याची बाटली घेऊन आले होते. तिचे थेंब मोठे पडत, माती वाहून जाई आणि रेषा चिखलात बुडत. मिस्त्रींनी ती बाटली खोलीवर नेली आणि ते तिने कढीपत्त्याच्या रोपाला पाणी घालायला लागले.

मिस्त्री इथे आले होते एका जुन्या किल्ल्याच्या डागडुजीसाठी. गावाकडे मातीची घरं बांधणारा, माती भिजत घालून, काड मिसळून, पायाने तुडवून, ती नीट कुजली का हे वासावरून सांगणारा माणूस. डागडुजी संपली, तेव्हा पथकाने त्यांना खणायला ठेवून घेतलं. व्हिसावर मेसन. पुढच्या चार मोसमांत आमच्या पथकाला सापडलेली प्रत्येक मातीची भिंत त्यांनी दाखवलेली आहे. अहवालात मात्र दर वेळी भिंत ‘आढळून आली’. जणू रोज सकाळी तीच उठून डॉक्टरांच्या तंबूत हजेरी लावायची.

मग मान्यतेचं प्रकरण निघालं. उत्खननाच्या देखरेखीवर यापुढे मान्यताप्राप्त व्यावसायिक पुरातत्त्वज्ञच हवेत असं वरून आलं. मान्यता द्यायची ती विलायतेतल्या एका संस्थेने, जिने आमची माती कधी पाहिलेली नव्हती. मिळाली तर माझा हुद्दा बदलणार होता. नाही मिळाली तर पुन्हा गोदाम. अर्जात रकाने होते: कामात तुमची भूमिका काय, स्वतःच्या निर्णयाने तुम्ही काय ठरवलंत, कामाचा नमुना जोडा, दोन सभासदांच्या सह्या आणा. मी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘नोंदवही, रेखाटनं, मदत’. डॉक्टरांनी कागद परत सरकवला. "विनय नको त्यांना, दावा लागतो. गेल्या मोसमात सापडलेली ती मोठी गोल इमारत लिही. तिची भिंत तू ओळखलीस असं लिही. आय विल साइन." आणि मी लिहिलं. ‘नियंत्रित आर्द्रीकरणाच्या पद्धतीने मी कच्च्या विटांची भिंत ओळखली.’ मिस्त्रींची चूळ मी नियंत्रित आर्द्रीकरण करून टाकली! आजही ते शब्द आठवले की स्वतःच्याच तोंडाची किळस येते.

अर्ज पाठवायच्या आधीच्या शुक्रवारी मी त्यांच्या खोलीवर गेलो. ते दारात चाळणीला तार बांधत बसले होते. "काय बे एम्मे, परीक्षा कुठं हाय?"

"परीक्षा नाही मिस्त्री. कागद पाठवायचे विलायतेला."

"माती बघणार न्हाईत?"

"नाही. कागदच बघतात."

"मग कागद पास होईल की. तुझा काय संबंध?" ते खदखदून हसले. "वाच. मराठीत वाच."

मी वाचत गेलो. त्या ओळीशी आलो आणि मी वाचलं, "पथकाला... कच्च्या विटांची भिंत सापडली."

तार पिळणारा हात थांबला. "पुन्हा वाच."

मी तेच पुन्हा वाचलं, या वेळी सफाईने.

"एवढंच लिवलंय?"

"हो."

"मग मघाशी थांबलास का?"

मी पान उलटलं. त्यांनी माझ्याकडे तसंच पाहिलं, ओल्या मातीकडे पाहायचे तसं. "बरं," म्हणाले, "म्होरलं वाच." सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच सूचना केली. "नमुना म्हणून तू खाल्लेल्या भिंतीचं चित्र लाव. ज्यानं एकदा खाल्लीय त्यालाच कळतंय, असं लिव." ते रेखाटन मी खरोखर काढलं होतं. त्यांनीच बळे काढायला लावलं होतं, ओळंबा खाली सोडून मापं घेत, माझा चुकीचा काप जिथे लागला ती रेघसुद्धा. माझ्या सगळ्या अर्जात तेवढा एकच कागद खरा ठरला असता. मी हसण्यावारी नेलं. कोणता शहाणा माणूस आपली चूक नमुना म्हणून पाठवतो?

मान्यता आली. हुद्दा बदलला. रोल्लातून मी पेढे नेले, मिस्त्रींच्या पाया पडलो, त्यांनी पाठीवर थाप मारली. खरंच आनंद झाला होता त्यांना, हे अजून खुपतं.

पुढच्या वर्षी त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली. साठीनंतर व्हिसा वाढवायचा तर या माणसावाचून काम अडतं असं पथकाने लिहून द्यावं लागणार होतं. मला वाटलं, यात काय अवघड? मी ताठ मानेने डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेलो. नवा पुरातत्त्वज्ञ ना मी! ते ऐकून घेत होते. मग त्यांनी माझी फाइल काढली आणि ती ओळ माझ्यासमोर धरली. "ही तूच लिहिलीस. मी खाली सही केली. आता त्याच भिंती ओळखायला एक म्हातारा मेसन लागतो असं मी कसं लिहू? मग दोन्हींतलं एक पत्र खोटं ठरेल." ते रागावले नव्हते. खांदे उडवून, हसून म्हणाले, "ही इज अ डियर ओल्ड मॅन. पण भिंत ओळखणारा आता आपल्याकडे आहे ना? खलास?"

मला एवढंच म्हणायचं होतं, की पहिलं पत्र खोटं आहे. टेबलावर माझा नवा हुद्दा लिहिलेला पासपोर्ट पडला होता. मी म्हणालो, "खलास."

या डॉक्टरांबद्दल, संस्थेबद्दल, अध्यक्षांबद्दल मी वर बरंच कडवट लिहिलं. ते सगळं खरं आहे. पण त्या केबिनमध्ये कुणीही मला गप बसायला सांगितलं नव्हतं.

मिस्त्रींना विमानतळावर सोडायला मीच गेलो. दोन बॅगा, एक ब्लँकेट. आत जाण्याआधी त्यांनी विचारलं, "डॉक्टरला सांगून बघितलास का रे?"

"सांगितलं मिस्त्री. ऐकतच नाही तो."

त्यांनी ब्लँकेट खांद्यावर घेतलं. "बरं," म्हणाले. तेच ‘बरं’. मग पिशवीतून पितळी ओळंबा काढून माझ्या हातात दिला. "विमानात घेऊ देत न्हाईत म्हणं." घेऊ देतात, हे मला माहीत होतं. मला वाटतं, त्यांनाही माहीत होतं.

दोन-अडीच महिन्यांनी मी त्यांना एक पत्र लिहिलं. उत्तर टपालाने आलं नाही. एका सकाळी साइट ऑफिसात फोन वाजला. गावातल्या एसटीडी बूथवरून ते ओरडून बोलत होते. "एम्मे, बाटली फेक बे! तोंडात पाणी घे. तोंडात पाणी असलं की माणूस गप राहतंय... तुला जमंल." आणि हसले. त्या हसण्यात टोमणा होता की माया, हे मी इतकी वर्षं ठरवू शकलेलो नाही. त्यानंतर आम्ही कधी बोललो नाही. फोन मी करायला हवा होता.

ते वारल्याचं कळल्यावर मी विलायतेतल्या संस्थेला सगळं लिहून कळवलं: ती भिंत महालिंग शिवाप्पा मिस्त्री यांनी ओळखली, माझी नोंद दुरुस्त करा, मान्यता काढायची तर काढा. त्यांचं उत्तर आलं. जुने अर्ज पुन्हा उघडण्याची तरतूद नाही, मात्र सहकाऱ्याविषयीच्या आपल्या कृतज्ञतेची आम्ही आदराने नोंद घेतली आहे. म्हणजे मी खोटं लिहिलं तेव्हा पुरातत्त्वज्ञ झालो आणि खरं लिहिलं तेव्हा कृतज्ञ!

सर्टिफिकेट भिंतीवरून काढलं आहे. त्या खिळ्याला ओळंबा टांगलाय. रोज सकाळी कामगार यायच्या आधी मी खड्ड्यात उतरतो, तोंडात पाणी घेतो, फवारतो आणि उकिडवा बसतो. माझा फवारा अजून त्यांच्याइतका बारीक पडत नाही.

शिवानंदने मागच्या आठवड्यात मी लिहिलेलं ते पत्र परत पाठवलं. मिस्त्रींच्या हत्यारांच्या पेटीत होतं म्हणे. त्यांनी ते त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं होतं. अध्यक्षांच्या मुलीला तिचं उत्तर यातच मिळेल. जसंच्या तसं देतो.

ती. महालिंग मिस्त्री यांस,
सा. न. वि. वि.

आपण सुखरूप घरी पोहोचल्याचे कळले. आनंद वाटला. इकडे सर्व क्षेम आहे. आपल्या आशीर्वादाने मला मान्यता मिळाली व आता स्वतंत्र जबाबदारीही मिळाली आहे. आपल्यासारख्या अनुभवी माणसाचा सहवास लाभला हे मी माझे भाग्य समजतो. आपले उपकार मी जन्मभर विसरणार नाही. आता आपण आराम करावा. तब्येतीची काळजी घ्यावी. घरातील वडीलधाऱ्यांस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला,
एम्मे

ता. क. : उत्तरेकडच्या खड्ड्यात काहीतरी लागले आहे. भिंत आहे की नुसती सुकलेली माती, ते मला कळत नाही. बाटलीने पाणी मारून पाहिले, पण वाऱ्याने लगेच सुकते व रेषा दिसत नाहीत. अशा वेळी काय करावे ते उलट टपाली कळवावे. मी विचारल्याचे इथल्या कोणास कळू देऊ नये.