बारावा रकाना

डिसेंबरमधला दुसरा रविवार, सकाळचे अकरा. रक्कम एक लाख ऐंशी हजार रुपये, चेकने. हजर चौघे: ट्रंकमावशी, मी, माझी बायको सुलभा आणि सोलर कंपनीचा माणूस. सही करण्यापूर्वी मावशींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि त्या माणसाला म्हणाल्या, "तुमच्याकडे तीन मिनिटं आहेत. काही सांगायचं राहिलं असेल तर सांगा." तो म्हणाला, "सगळं कोटेशनमध्ये आहे, मॅडम." मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी सही केली.

तीन मिनिटांचा हिशेब त्यांच्या हाडांत मुरलेला होता. टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर म्हणून त्यांनी पंचवीस वर्षं काढली. गावोगावचे फोन त्या हाताने जोडून द्यायच्या आणि तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून सांगायच्या. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी सवय सुटली नव्हती. वाघोलीत आमच्या शेजारच्या रो हाउसमध्ये त्या एकट्या राहत. दारात कोणी उभं राहून पाल्हाळ लावलं की म्हणायच्या, "मुद्द्याचं बोला, तीन मिनिटं होत आली." बोलणारा ओशाळून मुद्द्यावर यायचा. बहुतेकांकडे मुद्दा नसायचा.

लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "कॉल बुक केला होता, लागला नाही." पुढे गल्लीगल्लीत पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले, मग मोबाइल आले, आणि त्यांचा ट्रंक बोर्ड बंद झाला. त्यांना बिलांच्या खिडकीवर बसवलं. त्याबद्दल त्या कुरकुरल्याचं मी ऐकलं नाही. "बरं झालं, लोक परस्पर बोलायला लागले. सगळ्यांच्या घरची भांडणं मला आधी कळायची," एवढंच म्हणायच्या.

मला त्या 'कॉस्टिंगवाले' म्हणत. मी अकोल्याचा. रांजणगावच्या कारखान्यात कॉस्टिंग विभागात आहे. एखाद्या नट-बोल्टला किती पैसे पडतात हे काढणं माझं काम. पहिल्या भेटीत मी म्हणालो, "इथं घर पाहून राहिलो आहे." त्या म्हणाल्या, "आधी पाहा, मग राहा. दोन्ही एकदम कशाला?" त्या दिवसापासून आमचं जमलं. पंधरा वर्षं त्यांचे ठेवींचे व्याजदर, विमा, घरपट्टी मीच पाहत होतो. त्यांना माझ्या आकड्यांवर विश्वास होता, आणि मलाही होता.

कोरोनात त्यांची फुफ्फुसं आकसली. घरात ऑक्सिजन बनवणारं मशीन आलं. ते चोवीस तास लागे. नाकातली नळी दोन्ही कानांवरून जायची. पहिल्या दिवशी आरशात पाहून म्हणाल्या, "हेडसेट परत आला. फक्त पलीकडून कोणी बोलत नाही."

मशीन वीज खात होतं, म्हणजे पैसे खात होतं. शिवाय वीज जायची. आमच्या भागात रोज नवी इमारत उभी राहते आणि तारा त्याच जुन्या. मशीन बंद पडलं की मावशींना घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर दीड तास मिळे. त्यानंतर एक लहान सिलिंडर, तोही साधारण दीड तासाचा. त्यामुळे छतावर सोलर बसवायचं ठरलं. त्यांनी मला एकच सांगितलं, "बिल कमी झालं तर चांगलंच. पण मला वीज जायची भीती वाटते, कॉस्टिंगवाले. तेवढं बघा."

मी तीन कोटेशनं मागवली. पहिला विक्रेता टॅबलेट घेऊन आला आणि थेट गच्चीवर गेला. दुसरा नगर रोडवरचाच. तोही गच्चीवर गेला, आणि पहिल्यापेक्षा सहा हजारांनी स्वस्त निघाला. तिसरा हडपसरचा, साठीचा, शर्टाच्या खिशात टेस्टर खोचलेला. तो गच्चीवर गेलाच नाही. मावशींच्या मशीनपुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाई, हे बंद पडून चालणार नाही ना? मग बॅटरीवालं घ्यायला लागंल. महाग हाय." त्याचा भाव तीन लाख पस्तीस हजार.

मी तक्ता केला. मावशींना छापील कागद आवडत नसे, म्हणून आडव्या ताव-कागदावर हाताने आखला. अकरा रकाने: किंमत, अनुदान, निव्वळ खर्च, पॅनेलची हमी, महिन्याची युनिटं आणि असे बाकीचे. शेवटचा रकाना, पैसे किती दिवसांत वसूल. महिन्याला तीन हजारांचं बिल वाचणार, अनुदान अठ्ठ्याहत्तर हजार. दुसऱ्याकडे एकरकमी पैसे दिले तर आणखी सहा हजार सूट. म्हणजे वसुली दोन वर्षं दहा महिन्यांत. तिसऱ्याकडे सात वर्षं दोन महिने.

मावशींनी तक्ता दोनदा वाचला. "सात वर्षं. म्हणजे मी एकोणऐंशी. एवढी मुदत मला कोणी दिली आहे?"

"तेच म्हणतो मी. तिसरा माणूस महाग माल गळ्यात मारतो आहे."

"पण वीज गेल्यावर माझं मशीन चालेल ना?"

"दिवसा ऊन असलं की चालणारच."

"आमच्या एक्स्चेंजच्या तळघरात बॅटऱ्यांची एक अख्खी खोली होती," त्या म्हणाल्या. "सगळं पुणं अंधारात असायचं, तरी लाइन चालू. त्या खोलीला तिथं उगाच जागा दिली नव्हती हो."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती, मावशी," मी म्हणालो.

तक्त्यातला प्रत्येक आकडा मी तीन वेळा तपासला होता. हे एक वाक्य एकदाही तपासलं नाही. ऊन आहे, पॅनेल आहे, म्हणजे वीज आहे, हे मला इतकं उघड वाटलं की त्याला रकाना आखावा असं सुचलंच नाही.

पैसे कसे द्यायचे यातही माझाच शब्द चालला. बँक वयामुळे कर्जाला का-कू करत होती. तिसरा माणूस निम्मे आता आणि निम्मे बिनव्याजी चोवीस हप्त्यांत घ्यायला तयार होता. मी म्हटलं, हप्त्यांचं लचांड नको. ठेव मोडा, सूट घ्या. मावशींची दोन लाखांची ठेव मोडली. साध्या इन्व्हर्टरला सोळा हजारांची नवी बॅटरी घ्यायची होती, तीही मी यादीतून काटली. आता सूर्य आहे म्हटलं.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी एक वाजता वीज गेली. मशीनची शिट्टी भिंतीपलीकडून ऐकू आली. मी धावत गेलो. गच्चीवर पॅनेलं डोळे दिपतील अशी चमकत होती आणि खाली पंखा थांबला होता. साधा इन्व्हर्टर अर्ध्या तासात मान टाकून मोकळा झाला. मी सिलिंडर लावून दिला आणि विक्रेत्याला फोन केला. मावशींनी खुणेने स्पीकर लावायला सांगितला.

"साहेब, लाइन गेली की तुमची सिस्टिम पण बंद होणार," तो म्हणाला. "नायतर तुमची वीज तारेत जाईल आणि खांबावर काम करणारा माणूस मरेल ना. पान चारवर लिहिलंय बघा."

कोटेशनच्या पान चारवर होतं. त्याच पानावरची बेरीज मी टिकमार्क करून तपासली होती.

मावशींनी नाकावरची नळी नीट केली. "लाइनमनचा जीव आहे. बरोबर आहे त्याचं," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ दम घेऊन, "तुमचा तक्ताही बरोबर आहे हो. मी प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला."

एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. मी काढला. बॅटरीवालं बसवायचं तर मुख्य यंत्रच बदलायला हवं होतं. दीड लाखाच्या घरात खर्च. मी म्हणालो, मी देतो. त्या म्हणाल्या, "तुमच्या पैशांनी मी श्वास घ्यायचा आणि रोज सकाळी तुम्हाला थँक्यू म्हणायचं? तेवढा दम नाही मला." साध्या इन्व्हर्टरची बॅटरी मात्र पुढच्या पेन्शनमधून त्यांनी बदलून घेतली. तिच्यावर तीन तास निघायचे.

एप्रिलमध्ये, मंगळवारी सकाळी दहाला, बांधकामाच्या एका डंपरने चौकातला विजेचा खांब पाडला. मी कारखान्यात होतो. आभाळात ढगाचा एक तुकडा नव्हता. एकपर्यंत बॅटरी पुरली, अडीचपर्यंत सिलिंडर. मागवलेला दुसरा सिलिंडर निघाला होता, तो खराडीच्या वाहतुकीत अडकला. मग सुलभाने अॅम्ब्युलन्स बोलावली, तीही त्याच्याच मागे अडकली. सुलभा पुठ्ठ्याने वारा घालत बसली होती. मी रस्त्यातून फोन केला, तिने तो मावशींच्या कानाला लावला.

"निघालोय मावशी, लगेच पोचतो."

एकेक शब्द सुटा येत होता. "घाई नको. ऑर्डिनरी कॉल आहे. लाइटनिंग नाही."

लाइटनिंग म्हणजे त्यांच्या खात्यातला सगळ्यांत तातडीचा कॉल, आठपट दराचा. मरणाधरणाचे निरोप तसे जायचे, हे त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. त्यांचं माझ्याशी बोलणं तिथंच संपलं. अॅम्ब्युलन्स सव्वाचारला पोचली. सहाव्या दिवशी, हॉस्पिटलमध्ये, त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, आजारच तसा होता, आज ना उद्या हे होणारच होतं. त्यांनी ते माझ्याकडे न पाहता सांगितलं.

नंतर मी एक हिशेब केला. तो आधी करायला हवा होता. तिसऱ्या माणसाला ठेवीतून निम्मे दिले असते, उरलेल्यातून अनुदान वजा केलं असतं, तर चोवीस महिने तीन हजार सातशे एकोणतीस रुपये हप्ता आला असता. त्यातले तीन हजार वाचलेल्या बिलातून निघाले असते. मावशींच्या पेन्शनवर खरा बोजा पडला असता महिना सातशे एकोणतीस रुपयांचा. आकडा पुन्हा तपासला. पुन्हा तोच आला.

घर बंद आहे. त्यांचा भाचा सोलापूरला असतो, विकायचं म्हणतो आहे. तोवर किल्ली आमच्याकडे. अनुदान त्या गेल्यावर पाच आठवड्यांनी खात्यात जमा झालं, पूर्ण अठ्ठ्याहत्तर हजार. पॅनेलं मी सांगितली होती तेवढीच युनिटं देतात, एखाददुसरं जास्तच. ती सगळी तारेतून बाहेर जातात. घरात खर्च करायला कोणी नाही. वीज गेली की भिंतीपलीकडे आता शिट्टी वाजत नाही. मी मात्र थांबून ऐकतो.

तक्ता त्यांच्या टेबलाच्या खणात सापडला. अकराव्या रकान्यापुढे त्यांनी पट्टी लावून पेन्सिलीने आणखी एक रकाना आखला होता. वर मथळा होता, 'वीज गेल्यावर'. तिसऱ्या माणसाच्या ओळीत बरोबरची खूण. पहिल्या दोन ओळींत प्रश्नचिन्ह, आणि त्याखाली बारीक अक्षरात: 'कॉस्टिंगवाले म्हणतात चालेल.'

जमा युनिटं कितीही असली तरी बिलातला दरमहाचा स्थिर आकार चुकत नाही. या महिन्याचं बिल मावशींच्या नावाने आलं, एकशे तीस रुपये. काल भरलं मी, वीज कंपनीला.