खिडकीतून दिसतं तेवढंच

माझी मावशी बस डेपोत उद्घोषणा करत असे. फलाटांच्या टोकाला तिची काचेची केबिन होती. आत एक माइक, एक कुरकुरणारा पंखा आणि वर्षानुवर्षांच्या बसण्याने एका बाजूला कललेली खुर्ची. कॉलेजच्या दिवसांत मी तिच्याकडे राहायला होतो. डेपोत तिला कोणी नावाने हाक मारत नाही, हे मला लवकरच कळले. तिथे तिचे नाव ‘कशावरून’ पडले होते. कोणी काही सांगितले की ती तेवढेच विचारी. गाडी लागली म्हणता, कशावरून? पगार वाढणार म्हणता, कशावरून? लोक आधी चिडले, मग तिला चिडवू लागले, आणि पुढे तिच्यासमोर बोलण्याआधी जरा थांबू लागले.

वेळापत्रकावरून घोषणा करावी असा नियम होता. पूर्वी एकदा तिने तशी घोषणा केली, आणि ती गाडी वाटेतच बंद पडलेली निघाली. लेकुरवाळी माणसे रिकाम्या फलाटावर ताटकळत राहिली. तेव्हापासून तिने स्वतःचा रिवाज पाडला. चालकाने खिडकीशी यावे, वाकून आपली गाडी सांगावी, मगच माइक चालू होईल. साहेबांनी हरकत घेतली तेव्हा ती म्हणाली, “न पाहिलेली गाडी माझ्या तोंडून सुटणार नाही.” साहेबांना दुसरी उद्घोषिका मिळेना. रिवाज टिकला.

तिचे धाकटे दीर, ज्यांना मी काका म्हणत असे, त्याच डेपोत चालक होते. मावसोबा लवकर गेले. त्यानंतर काका, काकू आणि मावशी एकाच घरात राहत. एके सकाळी टेकडीच्या वळणावर काकांची गाडी रस्ता सोडून चरात गेली. कोणी दगावले नाही, पण काही प्रवाशांची हाडे मोडली. काकांना चौकशी होईपर्यंत घरी बसवण्यात आले. दोषी ठरले तर बडतर्फी, हे सर्वांना ठाऊक होते.

दुपारपर्यंत टीव्हीवर एक चित्रफीत आली. गणवेशातला एक पाठमोरा माणूस हातात बाटली घेऊन नाचत होता, आणि खाली अक्षरे सरकत होती, ‘मद्यधुंद चालकाचा प्रताप’. संध्याकाळी ती साऱ्या गल्लीच्या फोनवर होती. ज्यांनी काकांना आयुष्यभर चहापलीकडे काही पिताना पाहिले नव्हते, तेही म्हणू लागले, “माणसाचं काही सांगता येत नाही.”

युनियनच्या अध्यक्षांकडे याचे उत्तर तयार होते. हा अपघात नव्हेच, कट आहे. खासगी बसवाल्यांना हा मार्ग हवा, साहेब त्यांना सामील, आणि त्यांच्याच माणसाने यार्डात ब्रेकची नळी कापली. बघता बघता त्या कटाला हातपाय फुटले. नळी कापणाऱ्या त्या अनोळखी माणसाला आधी लाल शर्ट मिळाला, मग मोटारसायकल मिळाली, आणि शेवटी तो कोणाचा तरी मेहुणा निघाला.

अध्यक्ष घरी आले तेव्हा मावशी भाजी निवडत होती.

“वहिनी, चौकशीत तुमची साक्ष आहे. त्या सकाळी तो खिडकीशी आला होता ना?”

“आला होता. हातभर अंतरावर वाकून बोलला. वास नव्हता, जीभ अडखळत नव्हती. तसं सांगणार आहे.”

“सांगाच. वर फक्त एक वाक्य जोडा. गाडीखालून एक माणूस बाहेर येताना दिसला म्हणा.”

“माझ्या खिडकीतून यार्ड दिसत नाही.”

“ते त्यांना कुठं ठाऊक?”

“मला ठाऊक आहे.”

काकू दारात उभ्या होत्या. “ताई, घरातला माणूस आहे. एका वाक्यानं तुमचं काय झिजणार?”

“माझं नाही, भावजींचं झिजेल,” मावशी म्हणाली. “चौकशीवाल्यांनी मला केबिनमध्ये नेलं आणि यार्ड दाखवा म्हणाले, तर मी काय दाखवू? एक खोटं सापडलं की वासाची खरी साक्षही त्याच्याबरोबर गेली.”

“आणि ते टीव्हीवर खोटं दाखवतात ते चालतं?” अध्यक्षांनी विचारले.

“चालत नाही, म्हणून तर बोलायला जातेय.”

“खासगीवाल्यांना मार्ग हवाय, हे तरी मानता का?”

“मानते. त्यांनी उघड अर्जच केलाय. मलाही सोन्याच्या बांगड्या हव्यात. उद्या शेजारणीच्या गेल्या, तर आधी माझे हात तपासाल का?”

अध्यक्ष उठले. चपला घालताना म्हणाले, “घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, ते खोटं नाही.”

“वासे जागेवर आहेत,” मावशी म्हणाली. “तुम्ही घर हलवायचं थांबवा.”

काका आतल्या खोलीत सारे ऐकत होते. ते बाहेर आले नाहीत. काकूंनी त्या दिवसापासून मावशीशी बोलणे सोडले.

चौकशी साहेबांच्या दालनात झाली. अधिकारी बाहेरून आले होते. आम्ही घरची माणसे आणि अध्यक्ष दाराबाहेरच्या बाकावर होतो. दार उघडेच होते. मावशीने पाहिले तेवढे सांगितले. मग साहेब मऊ आवाजात म्हणाले, “बाई, तुम्ही त्याला पाहिलं क्षणभर. आदल्या रात्री काय झालं, वाटेत काय झालं, तुम्हाला माहीत नाही.”

“नाही माहीत.”

“मग तो शुद्धीत होता असं ठामपणे कसं सांगता?”

“मी गाडी सुटतानाचं सांगतेय. मला सगळं माहीत नाही, म्हणून मला काहीच माहीत नाही, असं होत नाही साहेब. आता तुम्ही सांगा. ते प्याले होते, कशावरून?”

“सगळ्या जगानं टीव्हीवर पाहिलंय.”

“जगानं एक पाठ पाहिली. गणवेशातली तसली पाठ या डेपोत प्रत्येक चालकाला आहे. ती कुणाची, कुठली, केव्हाची, हे दाखवणाऱ्याला तुम्ही विचारलंत?”

अधिकाऱ्यांनी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी विचारले नव्हते.

“अपघातानंतर दवाखान्यात त्यांचं रक्त घेतलं होतं. तो अहवाल मागवलात?”

तोही मागवला नव्हता. चित्र हाती असताना रक्ताची गरज कोणाला वाटलीच नव्हती.

अधिकाऱ्यांनी मग दुसरा कागद पुढे ओढला. “यार्डात अनोळखी माणूस वावरत होता अशी युनियनची तक्रार आहे. तुम्ही कोणाला पाहिलंत?”

काकूंनी माझे मनगट घट्ट धरले.

“नाही,” मावशी म्हणाली. “माझ्या खिडकीतून यार्ड दिसत नाही. ब्रेकचं मला काही माहीत नाही.”

ती बाहेर आली तेव्हा अध्यक्ष सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, “आता कळलं. हीसुद्धा त्यांच्यातलीच.” संध्याकाळपर्यंत कटात तिची जागा पक्की झाली होती. साहेबांनी म्हणे तिला बढती कबूल केली होती. सांगणाऱ्याला तिने विचारले, “कशावरून?” तो फलाट ओलांडून पलीकडे गेला. काही चालकांनी खिडकीशी येणे बंद केले. त्यांच्या गाड्या घोषणेविना सुटू लागल्या. प्रवासी केबिनशी येऊन भांडत, तेव्हा ती त्यांना त्या त्या चालकाकडे पाठवी. ती मागे हटली नाही.

रक्ताचा अहवाल आला. त्यात दारूचा अंशही नव्हता. टीव्हीच्या वाहिनीने चित्रफीत गुपचूप काढून टाकली. चुकलो, असे मात्र ती कधीच म्हणाली नाही. गाडीची तपासणी झाली, तेव्हा ब्रेक शाबूत निघाले. पुढच्या सुनावणीला काका स्वतः उभे राहिले. “दारूचा डाग गेला, बरं झालं. उरलेलं माझं मी सांगतो. उशीर झाला होता. वळणावर वेग जास्त होता.” त्यांची नोकरी राहिली, चाक गेले. त्यांना गाड्या धुण्याच्या कामावर घालण्यात आले.

काही महिन्यांनी मी मावशीबरोबर डेपोच्या कँटीनमध्ये बसलो होतो. पलीकडच्या टेबलावर अध्यक्ष नव्या चालकांना कापलेल्या ब्रेकची गोष्ट सांगत होते. तेवढ्यात काका भिजलेल्या बाह्यांनी आत आले. थोडा वेळ त्यांनी ऐकून घेतले.

“ब्रेक लागले होते,” ते म्हणाले. “मी उशिरा दाबले.”

अध्यक्षांनी त्यांच्याकडे कणवेने पाहिले. “असंच बोलायला लावतात बघा. तुझी नोकरी कशी राहिली, ते आज समजलं.” नव्या चालकांनी माना डोलावल्या.

काका जागीच उभे राहिले. ज्या कटात आजवर ते बळी होते, त्याच कटाने त्यांना एका वाक्यात गुन्हेगार करून टाकले होते. मावशी बाकावर सरकली आणि तिने शेजारी जागा केली.

“बसा भावजी. इतके दिवस त्या कटात मी एकटीच होते.”

काका बसले. त्यांनी चहा मागवला, आणि मग ब्रेकचे आपले तेच वाक्य पुन्हा एकदा, सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले.