टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला, म्हणजे विलासच्या बाबांना नाही, पाठच्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडून उभी राहिले तेव्हाही बाकीचं सगळं बोलले, एवढं सोडून. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या माझ्या अंगणावरून जाणार नाही. चौथी शिकले आहे. लिहिता येतं. गोड करून लिहिता येत नाही.

कुठून सुरू करू? सुनेपासून करते. वंदना तिचं नाव. ती वाईट असती तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. वाईट नाही. माझ्या गुडघ्यांना रोज तेल लावते. आधी मला वाढते, मग स्वतः जेवते. हे तिच्या कौतुकासाठी सांगत नाही — मी जे केलं ते कोणाशी केलं, हे तुम्हाला आधी कळावं.

आमचं गाव भातकुलीकडचं. जमीन काळी, पण विहिरीचं पाणी खारं, म्हणून ओलीत होत नाही, पिकाला ते देता येत नाही. पावसाळा सरल्यावर जमिनीत जी ओल राहते तिच्यावरच हरभरा येतो. आणि ती ओल कोणासाठी थांबत नाही. चार दिवस पेरणी लांबली की दाणा मातीत तसाच पडून राहतो.

घरात ट्रॅक्टर आहे. पहिला जुना घेतला तेव्हा आम्ही दोघं तरुण होतो, हा दुसरा. विलासचे बाबा दुरुस्ती स्वतः करायचे आणि मी शेजारी उभी राहून पाने द्यायची. बाराचा, चौदाचा, सतराचा. ते मागं न पाहता हात पुढं करायचे, मी बरोबर तोच पाना ठेवायची. फिल्टर बदलला की नळीतली हवा काढावी लागते, तेव्हा हातपंप मी मारायची. तीस वर्षं हे केलं. इंजिन दम टाकणार हे मला आवाजावरून आधी कळायचं. पण त्या सीटवर एकदाच बसले. ट्रॅक्टर बंद उभा होता, तुरीच्या शेंगा तोडून पाय भरून आले होते, म्हणून टेकले. तर म्हणाले, उतर, लोक काय म्हणतील. उतरले. पुन्हा बसले नाही.

मग मुलगा, विलास, अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये लागला. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. बाबांचे गुडघे गेले, क्लच दाबवेना. ड्रायव्हर ठेवला तर तो ऐन पेरणीत दुसरीकडे पळायचा. आणि एके दिवशी काय पाहते — अंगणात वंदना सीटवर बसलेली, साडीवर विलासचा सदरा, डोक्याला रुमाल. बाबा खाली उभे राहून तिला गिअर समजावून सांगत होते. हसत होते. लोक काय म्हणतील, ते कुठं गेलं होतं?

मी पाण्याची घागर घेऊन तिथंच उभी राहिले. माझ्या नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली असती तर मला इतकं लागलं असतं का? खरं सांगते — कदाचित नाही.

हे कारण म्हणून देत नाही. नुसतं झालं तसं सांगते आहे.

ती शिकली. दोन महिन्यांत शिकली. तिचे पेरणीचे तास दोरी धरल्यासारखे सरळ. बायका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, येऊन उभ्या राहायच्या, पोरी मोबाइलवर फोटो काढायच्या. घरी येणारा प्रत्येक जण तिचंच बोलायचा. बाबा मिशीत हसायचे आणि मी चहा टाकायची.

दसरा आला. ट्रॅक्टरची पूजा पहिल्या वर्षापासून माझ्या हातची. कुंकू पाण्यात कालवलं तर दोन दिवसांत उडून जातं, म्हणून मी शेंदूर तेलात घट्ट कालवते. तो लवकर निघत नाही. त्या दसऱ्याला मी ताट घेऊन आले तर बाबा म्हणाले, ताट वंदनाला दे, आता चालवते ती, मान तिचा. मी ताट दिलं. तिनं स्टिअरिंगला बोट लावलं, बोनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांना हळदकुंकू वाहिलं. मला काय उरलं? मी वाटीतला उरलेला शेंदूर बोटांवर घेतला आणि डिझेलच्या टाकीच्या झाकणावर थापला. जाड थापला. त्यात देव नव्हता, राग होता.

त्या झाकणाला एक छिद्र असतं, सुईच्या टोकाएवढं. टाकीतलं डिझेल खाली उतरतं तसा वरून वारा आत जावा लागतो. तो गेला नाही तर डिझेल अडतं आणि तासाभरानं इंजिन धापा टाकत बंद पडतं. हे मला माहीत होतं. आमच्या पहिल्या ट्रॅक्टरच्या झाकणात कुंभारमाशीनं माती भरली होती. तो दोन दिवस असाच बंद पडत होता, आणि ती माती मला दिसली होती, बाबांना नाही. गावात त्यांनी सांगितलं की त्यांनीच शोधली. पुढं ते विसरूनही गेले. मी विसरले नाही.

पण दसऱ्याच्या दिवशी ते छिद्र माझ्या मनात नव्हतं. त्या दिवसाचा गुन्हा मी अंगावर घेत नाही. पुढचा घेते.

हरभऱ्याची पेरणी सुरू झाली आणि ट्रॅक्टर बंद पडू लागला. सकाळी छान चालायचा. तास-सव्वा तास झाला, इंजिन तापलं, की आवाज बसायचा, काळा-पांढरा धूर, आणि बंद. मग वंदना टाकीचं झाकण उघडून डिझेल आहे का पाहायची. डिझेल असायचं. झाकण लावून अर्धा तास थांबायचं, की पुन्हा चालू. जो तो म्हणायचा, गरम होतो म्हणून बंद पडतो, थंड झाला की चालतो. झाकण उघडल्यामुळं चालतो, हे कोणाच्या डोक्यात येईना. बाबा म्हणाले, खाऱ्या पाण्यानं रेडिएटरमध्ये थर धरला असेल. रेडिएटर धुतलं. पंख्याचा पट्टा बदलला. फिल्टर बदलला. तरी तेच.

तिसऱ्या दिवशी मी भाकर घेऊन वावरात गेले होते. माझ्यासमोर तिनं झाकण फिरवलं आणि टाकीनं वारा ओढला — फुस्स. एवढाच आवाज. बाबांचे कान तोवर गेले होते, आणि वंदनाला त्या आवाजाचा अर्थ माहीत नव्हता. मला माहीत होता. शेंदूर समोर दिसत होता, माझ्या बोटांच्या ठशांसकट.

एक शब्द पुरे होता. मी काय केलं? भाकरीचं फडकं सोडलं आणि चटणी वाढली.

उद्या सांगू म्हटलं. आज अजून एक दिवस तिचं कौतुक थांबू दे. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं.

शेवटी मिस्त्री आला. पंप काढला, विलासनं तो अकोल्याहून दुरुस्त करून आणला. मिस्त्रीनं बसवताना सगळीकडे डिझेलचं फडकं फिरवलं, त्यात झाकणही लख्ख पुसलं गेलं. ट्रॅक्टर दोन दिवस न थांबता चालला. पंपच खराब होता असं सगळ्यांनी ठरवलं. इथं हे संपलं असतं. माझं गप्प बसणं तेवढंच राहिलं असतं, आणि तेवढं मी पचवलंही असतं.

पण वंदना त्या दोन दिवसांत फार खूश होती. शेजारच्या धुऱ्याचे गुणवंतराव घरी आले, त्यांचं पाच एकर पेरायचं राहिलं होतं. ते माझ्याशी बोलले नाहीत, बाबांशी बोलले नाहीत. सरळ तिला विचारलं. आणि तिनं पदर खोचत सांगितलं, उद्या पेरून देते. माझ्या घरात, माझ्यासमोर, सून शब्द देत होती आणि गावचा माणूस तो घेत होता.

सकाळी ती आत भाकरी थापत होती. मी शेंदराची वाटी घेतली, कडुनिंबाखाली ट्रॅक्टर उभा होता तिथं गेले आणि झाकणाच्या छिद्रावर शेंदूर ठेवून अंगठ्यानं दाबला. आत जाईपर्यंत दाबला. मग वरून बोटानं टिळ्यासारखं गोल केलं, म्हणजे कोणी पाहिलंच तर म्हातारीनं पूजा केली असं वाटावं.

हेच ते. एवढंच लिहायला मला सात वर्षं लागली.

गुणवंतरावांच्या वावरात ट्रॅक्टर चार वेळा बंद पडला. मी दुपारी मुद्दाम गेले. हो, पाहायला गेले. धुऱ्यावर पाच-सहा गडी जमले होते. गुणवंतराव मला पाहून म्हणाले, "वयनी, तुमची सून बसली का इंजिन लाजते वाटते." गडी हसले. मीही हसले.

वंदनाचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. तिनं फिल्टर खोलला होता, हवा काढली होती, रेडिएटरमध्ये पाणी घातलं होतं. कोरडा वारा सुटला होता आणि उघड्या तासांतली माती आमच्या डोळ्यांदेखत पांढुरकी होत होती. ती माझ्याजवळ आली, हळूच म्हणाली, "आत्याबाई, तुमी तं इतके वर्स मामाजीच्या संगं पाने देल्ले. तुमाले काई सुचते का?"

कळतंय ना तुम्हाला? तीस वर्षांत मला कोणी हे विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, मुलानं नाही. मला काही येतं, हे त्या वावरात फक्त तिला माहीत होतं. मला जे हवं होतं ते ती काळ्या हातांनी माझ्यापुढं धरून उभी होती.

मी म्हटलं, "मले काय समजते त्यातलं. मी आपली पाने देणारी."

ती मान हलवून परत गेली.

अर्धं वावर पेरलं गेलं. उरलेल्यासाठी गुणवंतरावांना दुसरा ट्रॅक्टर मिळेपर्यंत आठवडा गेला. ओल गेली होती. पुढं त्या वावरात एका बाजूला दाट हरभरा आणि दुसऱ्या बाजूला कुठं एक रोप, कुठं काहीच नाही. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण ते पाहायचा आणि कोणामुळं झालं हे सांगायचा. गुणवंतराव आमच्याकडे यायचे बंद झाले. वंदनानं चावी बाबांच्या पुढं ठेवली. "मामाजी, माह्या हाताले नाई येत हे."

आता एक उरलं. वाटलं होतं हे लिहिणार नाही. लिहिते.

बाबांनी पलीकडच्या गावचा एक ड्रायव्हर ठरवला. तो यायच्या आदल्या दिवशी मी साडीची पिन काढली आणि ते छिद्र कोरून मोकळं केलं. रॉकेलच्या बोळ्यानं झाकण पुसलं. का? ट्रॅक्टरची दया आली म्हणून? नाही. तो त्या माणसाच्या हातात चालायला हवा होता. नाहीतर दोष ट्रॅक्टरचा ठरला असता. मला तो तिचा ठरवायचा होता.

चालला. दिवसभर चालला, एकदाही थांबला नाही. संध्याकाळी ओसरीवर बाबा म्हणाले, "पायलं? मशीन तेच, हात बदलला. बाईच्या हातचं काम नोहे ते." आम्ही दोघी समोर बसलो होतो, मी तांदूळ निवडत होते, ती लसूण. त्यांनी दोघींकडेही पाहिलं. ते वाक्य ऐकून मला आनंद व्हायला हवा होता ना? त्यासाठीच तर सगळं केलं होतं.

बाबा गेले ते हेच मनात धरून गेले. त्यांना शेवटी तीन महिने अंथरुणात वंदनानंच उठवलं-बसवलं. विलास पाहुण्यांसमोर अजून ती गोष्ट गंमत म्हणून सांगतो, आणि ती पाहुण्यांबरोबर हसते. ट्रॅक्टर अंगणात उभा असतो. त्याच्यावर वाळवण टाकायचं असलं तरी ती पल्लवीला पाठवते.

पल्लवी म्हणजे माझी नात. अमरावतीला कॉलेजात जाते. मागच्या महिन्यात तिच्यासाठी स्कूटी आणली. तिनं अंगणात दोन चकरा मारल्या आणि आईसमोर थांबवली. म्हणाली, "बस आई, शिकवतो तुले. दोन दिवसात येते."

वंदना मागं सरली. तिनं हात पदराला पुसले, ते ओले नव्हते तरी. "नाई वं बाई. माह्या हाताले गाडी लागत नाई. ट्रॅक्टर बंद पडे माह्या हातात. इचार आजीले."

पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं. तिचा विश्वास बसत नव्हता. ती खरंच विचारत होती.

मी म्हटलं, "हो. पडे."