कामात सावकाश

चिकलठाण्याहून परतताना बसमध्ये शेजारच्या कामगारानं कंपनीचा कागद पुढं केला. माझ्या मांडीवरची प्रगतिपुस्तकं पाहून मी मास्तर आहे हे त्यानं ओळखलं असावं.

"सर, ह्याचा अर्थ काय हाय?"

बोट इंग्रजीतल्या ‘स्लगिश’ शब्दावर होतं. मंद म्हणायला माझी जीभ रेटेना. "कामात सावकाश," मी म्हणालो.

त्याचा अंगठा खिडकीच्या गजावरून फिरत होता, कुठं खरखर राहिली का हे पाहावं तसा.

"व्हय. परतेक पार्ट असा हात फिरवूनच सोडतो मी. एक बी माघारी आला नाय." त्यानं दमून डोळे मिटले. "मग काढलं कामून, सर?"

क्रांती चौकात मी उतरलो. काखेतल्या गठ्ठ्यात सहा मुलांच्या नावांपुढं मीच ‘मंद’ हा शब्द लिहिला होता.