गयाबाईच्या पिशवीची गाठ

त्या दिवशी सकाळी मी सलूनच्या खुर्चीत बसलो होतो. मिशीची डावी बाजू कापून झाली होती, उजवी राहिली होती, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आमचा मुलगा मिलिंद होता. म्हणाला, "आबा, घरी या." मी म्हणालो, "येतो की, मिशी होऊ दे." मग म्हणाला, "आबा… आई गेली." गळ्याला बांधलेलं फडकं तसंच घेऊन मी निघालो. मिशी अर्धी. माकणीच्या रस्त्यानं मला असल्या अवतारात कुणी बघितलं नसेल. मी कायम इस्त्रीचा सदरा घालून मान वर करून चालणारा माणूस. आणि सलूनमध्ये मला तिनंच पाठवलं होतं. दवाखान्यातनं येऊन चार दिवस झाले होते, तिला जरा बरं वाटत होतं, मी उशाशी बसून होतो तर म्हणाली, "अवो, जावा, मिशी तरी नीट करून या. भुतावानी दिसताय." हेच तिचं शेवटचं बोलणं. एवढा संसार केला आणि शेवटचा शब्द माझ्या मिशीवर निघाला. तिची जी बदनामी झाली तिचं मूळही माझी मिशीच होती, हे मात्र आम्हा दोघांनाच माहीत होतं. आता मला एकट्याला माहीत आहे, म्हणून लिहितो.

मी चौथी शिकलेला. उभ्या जन्मात मी एकच कागद पुरता लिहिला आणि तो खोटा होता. हा दुसरा.

गया माहेरची तेरखेड्याची. लग्नाआधी ती फटाक्याच्या कामाला जायची, लवंगी फटाक्यांच्या लडी बांधायची. त्यामुळं गाठ मारायची कला तिच्या बोटांत होती. बैलाचा कासरा असो की गोधडीचं गाठोडं, तिनं बांधलेलं दुसऱ्याच्या बापाला सुटायचं नाही. माझ्याकडं आली तेव्हा तिला अक्षर ओळखू येत नव्हतं, शेवटपर्यंत आलं नाही. पण बुद्धविहारात वंदना सुरू झाली की सगळ्या बायांच्या पुढं तिचा आवाज. सगळं पाठ. विहारातल्या भांड्याच्या कपाटाची किल्ली तिच्या कमरेला असायची. पौर्णिमेला खीर किती शिजवायची, पातेलं कुठलं काढायचं, हे गयाबाईला विचारल्याशिवाय हलायचं नाही. मी कमिटीचा अध्यक्ष होतो, पण किल्ली तिच्याकडं होती. यातच काय ते समजा.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. नात प्रज्ञाचा साखरपुडा ठरला होता. पाहुण्यांपुढं बोलायचा मान माझा. मी आरशात बघितलं तर मिशी पांढरीफेक. आता माझी अडचण अशी, की त्याच्या आदल्याच वर्षी माझ्या मेव्हण्यानं, किसननं, केस काळे केले तेव्हा मी चार माणसांत त्याला म्हणालो होतो, "किसन, तोंडाला काळं फासायचं राहिलंय, ते बी फासून घे." माणसं पोट धरून हसली. किसन तेव्हापासून टोपी घालायला लागला. मग मी कुठल्या तोंडानं मिशी काळी करणार? पण करायची तर होती.

उमरग्याला ते मोठं दुकान आहे, आपलं आपण टोपलीत घ्यायचं आणि दारात बिल करायचं. आम्ही दोघं साखरपुड्याच्या सामानाला गेलो. आत जाताना राखणदार सगळ्यांच्या पिशव्यांची तोंडं बांधत होता. गयाच्या पिशवीत गोळ्या होत्या, पान-सुपारी होती. तो म्हणाला, "जाऊ द्या आजी, तुमची कशाला बांधायची." तिथंच घोळ झाला. मिशीच्या काळ्या रंगाची पुडी मी उचलली, वर मिशीवाल्या गड्याचं चित्र. टोपलीत टाकणार, तेवढ्यात नजर बिलाच्या टेबलाकडं गेली. तिथं आमच्याच आळीतली सरू बसली होती, मला आबा म्हणणारी पोरगी. मला वाटलं, ही पुडी हिच्या हातात गेली की संध्याकाळपर्यंत किसनच्या कानावर. खिशात रोख होती. पुडीला काय लागतं? पण ती सरूपुढं ठेवायची माझी छाती झाली नाही. गया साखरेच्या पोत्यापाशी वाकली होती, पिशवी खांद्यावर उघडी. मी पुडी तिच्या पिशवीत सरकवली. तिला कळलं नाही.

दारात राखणदारानं बिल बघितलं, पिशवीत हात घातला आणि पुडी वर काढली. "आजी, हे बिलात न्हाय." तिनं पुडीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी वर पंख्याकडं बघत होतो. एवढाच वेळ… पाणी प्यायला लागतो तेवढा. मग ती म्हणाली, "म्याच घेतलं, बाबा. ध्यानात राहिलं न्हाय."

मी पंख्याकडंच बघत राहिलो.

तिला प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं. येणारी-जाणारी माणसं बघत होती, एकानं मोबाईल वर धरला होता. सरू टेबलावरनं उठून उभी राहिली, पण जवळ आली नाही. मॅनेजर पोरगेलाच होता. म्हणाला, "पोलिसांत देत न्हाय, माफीनामा लिहून द्या." गया म्हणाली, "मला येत न्हाय लिव्हाय." मॅनेजर माझ्याकडं वळला, "मग तुम्ही लिहा, काका. तुमच्या मंडळी आहेत ना?" आणि मी लिहिलं. मोठ्या मोठ्या अक्षरात, जसं गुरुजींनी शिकवलं होतं तसं… मी गयाबाई, राहणार माकणी, मी आज दुकानातून न विचारता वस्तू घेतली, पुन्हा असे करणार नाही. तिनं अंगठा दिला. शाई पुसायला कापूस दिला नाही कुणी, तिनं पदराला पुसली.

एसटीत ती खिडकीशी बसली होती. मी म्हणालो, "गया, म्या घरी गेल्यावर सांगतो सगळ्यांना." ती बाहेर बघतच म्हणाली, "प्रज्ञाचं व्हऊ द्या आधी. पावण्यांपुढं तुमाला बोलायचं हाय. म्हातारी बाई चुकली म्हणतेत आन् सोडून देतेत. तुमाला कोण सोडंल?" थोड्या वेळानं म्हणाली, "लावायचाच व्हता रंग, तर मला सांगायचं. म्या घेतला असता माझ्या नावावर. सरूला म्हनले असते, माझ्याच केसाला पायजे."

साखरपुडा झाला. मी पाहुण्यांपुढं बोललो, पांढऱ्या मिशीनं. लोक म्हणाले, आबांचा काय रुबाब! गया मागं भांड्यापाशी होती. तोवर मोबाईलातलं ते चित्र आमच्या आळीत येऊन पोचलं होतं. बायका तोंडावर चोर म्हणाल्या नाहीत. एक हसत म्हणाली, "गयामावशी, म्हाताऱ्याला नवरदेव करायला निघाला व्हता व्हय?" गयासुद्धा हसली. पुढच्या पौर्णिमेला कमिटीतल्या बायांनी सांगितलं, "मावशी, तुमचं आता वय झालं, किल्ली आम्ही ठेवतो." तिनं कमरेची किल्ली सोडून दिली. अध्यक्ष मी. मी सतरंजीची सुरकुती नीट करत बसलो.

साखरपुड्यानंतर लग्न, लग्नानंतर प्रज्ञाचं बाळंतपण. मी दरवेळी म्हणायचो, आता सांगतो. ती म्हणायची, "आता सांगितलं तर म्या लबाड ठरते. दोघं बी जातो. ऱ्हाऊ द्या." एकदा वंदनेवरनं येताना म्हणाली, "दुसरं शील तुमचं मोडलं, चौथं माझं. आता म्हनताना दोघं बी हळू म्हनू." न दिलेलं घेणार नाही, हे दुसरं. खोटं बोलणार नाही, हे चौथं. त्यानंतर विहारात ती मागच्या भिंतीला बसायला लागली आणि चौथ्याला तिचा आवाज यायचा नाही. मी पुढंच बसायचो, दुसऱ्याला नुसते ओठ हलवायचो. वाचणाऱ्याला वाटेल, तिनं मला अडवलं म्हणून मी गप्प बसलो असं मी लिहीन. ती अडवायची हे खरं. पण मला अडवून घ्यायला बरं वाटायचं, हेही खरं.

आणि ती गाठ. गावातल्या किराणा दुकानातसुद्धा ती जायची तर आधी पायरीवर बसायची, पिशवीचं तोंड नाड्यानं करकचून बांधायची, मग आत जाऊन दोन्ही हात फळीवर ठेवून उभी राहायची. दुकानदार म्हणायचा, "मावशी, गाठ कशाला? म्या काय तसला हाय का?" ती म्हणायची, "तुमी न्हाय वो. सवय हाय." सामान घेतलं की बाहेर येऊन गाठ सोडायची, भरायची, पुन्हा बांधायची. सहा वर्षं. मी ओट्यावर बसून बघायचो.

ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मांडव भरला होता. लोक चांगलं बोलले. एक जण बोलता बोलता म्हणाला, "शेवटी माणूस हाय, एखादी चूक होते. तेवढी सोडली तर गयामावशी सोनं होती." मी उठलो. म्हणालो, "ती चूक माझी हाय. पुडी म्या टाकली पिशवीत." मग मिलिंद धावत आला, मला खांद्याला धरून खाली बसवलं, "आबा, बसा. पाणी घ्या." किसन डोळे पुसत म्हणाला, "काय माणूस हाय! मेलेल्या बायकोचा दोष अंगावर घेतो!" आणि माणसांनी माना डोलावल्या. आबा आणि मिशीला रंग? कोण खरं मानणार? माझ्याच ताठ्यानं माझी वाट बंद करून ठेवली होती. खरं बोललो तर उलट आणखी मोठा झालो.

म्हणून हे लिहायला बसलो. आठ दिवस लागले. प्रज्ञा माहेरी आली होती, तिला वाचायला दिलं. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं. म्हणाली, "आजीनं माझ्या साखरपुड्यासाठी एवढं…" मी म्हणालो, "न्हाय. माझ्या मिशीसाठी." ती म्हणाली, "तुम्ही भाषण केलं त्या दिवशी, आबा. ती मागं भांडी घासत होती. मी म्हणलं, आजी, फोटोला ये. तर म्हणली, माझा फोटो लई निघालाय आता." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कागद माझ्यापुढं ठेवले. शुद्धलेखन नीट केलं होतं, शब्द एक बदलला नव्हता. "पेपरला पाठवा," एवढंच म्हणाली.

पाठवण्याआधी मला एक काम करायचं होतं, तेही इथंच खाली लिहितो. काल सकाळी, गिऱ्हाईक असतं तेव्हा, गयाची पिशवी खांद्याला लावून मी किराणा दुकानात गेलो. पायरीवर किसन होता, दोघी-तिघी बाया होत्या. मी मोठ्यानं म्हणालो, "मिशीला लावायचा काळा रंग द्या." दुकानदार म्हणाला, "कुणाला, आबा?" म्हणालो, "मला. सहा वर्षांपूर्वी पायजे व्हता. तवा मागायची लाज वाटली म्हनून चोरला, आन् बायकोच्या पिशवीत टाकला." बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. किसननं डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली. माझ्याकडं त्यानं आधी असं कधी बघितलं नव्हतं. त्यानं खरं मानलं, हे मला त्या बघण्यावरनं कळलं. दुकानदार म्हणाला, "पिशवीत टाका की." मी म्हणालो, "न्हाय." पुडी तळहातावर उघडी धरून, चित्र वर करून, विहारावरनं, आळीतनं घरापर्यंत चालत आलो. मागं कुणीतरी हसलं.

पुडी भिंतीतल्या देवळीत ठेवली आहे, फोडली नाही. पिशवी पुन्हा तिच्या खिळ्याला. आजारी पडायच्या आधी ती शेवटची दुकानात गेली होती तेव्हाची गाठ आहे ती, लडीची गाठ. आत काहीतरी थोडं आहे, हाताला लागतं, सुपारी असेल. प्रज्ञा म्हणते, सोडून बघा. मी नाड्याला हात लावून बघितला आणि काढून घेतला. सोडली तर मला तशी पुन्हा बांधता येणार नाही.