रेखाचा चार्जर चांगला होता

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, पोराजवळ नाही, माहेरी साताऱ्याला जाते तेव्हा बहिणीजवळसुद्धा नाही — आणि ती तर अशी, की पोटातलं बोट घालून बाहेर काढते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काही आमच्या घरी जेवायला येणार नाही. आणि एक आधीच सांगून ठेवते. ऐकून झाल्यावर 'बिचारी' म्हणायचं नाही. मला ते खपत नाही.

चार वर्षं गप्प बसून आताच का? तर मला नवा फोन येणार आहे. पोरगा फौजेत आहे, दिवाळीला सुट्टीवर येताना घेऊन येतोय. आणि त्या फोनची वाट माझ्यापेक्षा जास्त बघतेय रेखा — माझी धाकटी जाऊ, आमच्या संभाजी भावजींची बायको. रोज दुपारी भांडी झाली की ती सोप्यात येऊन बसते आणि मला शिकवते. "आक्का, डब्यात चार्जर येत न्हाई, नुसती वायर येती. वॉट बगूनच घ्याय लागतोय. आन् काच पयल्याच दिवशी बसवायची बगा, धूळ बसायच्या आदी." मी हूं हूं करते. तिच्या तोंडाकडं बघवत नाही, म्हणून शेंगा सोलत बसते.

चार वर्षांमागं ती अशीच वाट बघत होती, पण स्वतःच्या फोनची.

आमचं गाव विट्याजवळ. भावजी तिकडं केरळात गलाईच्या धंद्यात — म्हणजे जुनं सोनं आटवून शुद्ध करून द्यायचं दुकान. आमच्याकडं घरटी एक माणूस असा बाहेर असतो. वर्षातनं दोनदा येतात, आणि त्या वर्षी दसऱ्याला येताना बायकोला फोन आणतो म्हणाले होते. तुम्हाला वाटेल, हौस. हौस होतीच, नाही कशाला म्हणू? पण रेखाला फोन कामासाठी हवा होता. ती ब्लाउजवर आरीचं काम करते, आकड्याच्या सुईनं मणी आणि जर भरते. सांगलीतल्या एका साडीच्या दुकानातल्या बाईंनी तिचे दोन ब्लाउज बघितले आणि म्हणाल्या, काम झ्याक आहे, पण मला जवळून काढलेले साफ फोटो लागतात, गिऱ्हाईक फोटोवर पसंत करतं. दसरा झाला की फोटो पाठव, लग्नसराईचं काम तुला देते. रेखाच्या जुन्या फोनची कॅमेऱ्याची काच तडकलेली. मोर काढला तरी फोटोत कोंबडी दिसायची. म्हणजे हिशेब सोपा — फोन आला की फोटो, फोटो गेले की काम. नववीत शाळा सुटलेल्या त्या पोरीचं पहिलं स्वतःचं काम.

आणि तिनं वाट तरी कशी बघावी! भावजींनी कुठला फोन घेणार ते सांगितल्यापासून हिनं त्याची लांबी, रुंदी, जाडी सगळी इंटरनेटवरनं काढली. वहीच्या पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक चिकटवून बरोबर तेवढा फोन केला. त्यावर पेनानं कॅमेरे काढले, खाली चार्जिंगचं भोक काढलं. तो पुठ्ठा हातात धरून एका अंगठ्यानं टाइप करायची सवय करत बसायची. त्याच मापाची पिशवी शिवली, तिच्यावर आरीनं वेल भरली. फोनचा पत्ता नाही आणि कव्हर आलं, काच आली. मी म्हणायचे, "बाजारात तुरी आन् भट भटणीला मारी." ती हसायची. खरं सांगू? मला ते हसणंच सोसायचं नाही.

माझा फोन तेव्हा नवऱ्याचा टाकलेला होता. त्याच्या आधीचा भावजींचा टाकलेला. बॅटरी फुगलेली, पाठीला रबरबँड. चार्जरची वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच चार्जिंग व्हायचं, म्हणून पिनेखाली काडेपेटी ठेवायची आणि वर पितळेचं फुलपात्र. घरातलं पोर जवळनं पळालं की माझं चार्जिंग बंद. साताऱ्यात बारावी झालेली मी, या घरातली पहिली बारावीची सून — आणि वीस वर्षांत मला डब्यातला, प्लॅस्टिक न काढलेला फोन कुणी दिला नाही. मीही मागितला नाही. हे मी कारण म्हणून सांगत नाही हां. असे टाकलेले फोन लाखभर बायका वापरतात, त्या काही माझ्यासारखं करत नाहीत.

दसऱ्याआधी आठ दिवस ती मला घेऊन सांगलीला गेली, चार्जर घ्यायला. तीन दुकानं फिरवली. पहिल्या दुकानात त्यानं स्वस्तातला काढून दिला, हिनं चष्म्याच्या दुकानात बघावं तसा उलटासुलटा करून परत केला. दुसऱ्यात वॉट कमी. तिसऱ्या दुकानात कंपनीचा, तेहतीस वॉटचा, बिल लिहून घेऊन घेतला. माझे पाय दुखायला लागले होते, मी दोनदा बोलले तिला. पण बघितलं मी. या डोळ्यांनी बघितलं, की त्या पोरीनं चार्जर घेताना कुठं चूक केली नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता मुद्द्यावर येते. येते म्हटलं तरी — बघा, अजून तुम्हाला सांगली दाखवत बसले.

भावजी आले ते खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. खंडेनवमीला आमच्यात हत्यारांची पूजा. कोयता, खुरपी, पहार, रेखाचं शिलाई मशीन, दारातली मोटरसायकल, सगळं धुऊन पुसून मांडायचं आणि कुंकू लावायचं. ज्याच्यावर घर चालतं ते हत्यार. सासूबाई गेल्यापासून ती पूजा मी करते. रेखा म्हणाली, फोनपण पाटावर ठेवते, त्याच्यावरच माझं काम चालणार हाय. भावजींनी हसून डबा फोडला. फोन निळा, आरशासारखा. तिनं तो दोन्ही हातांनी पाटावर ठेवला, आणि मी वाटीतलं कुंकू पाण्यात कालवत होते तेवढ्यात सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आक्का, फोनला तेवडं सुकंच लावा हां. वल्लं नगं. खालच्या भोकात जाईल."

मला! कुंकू कसं लावायचं ते मला सांगत होती ती! भावजी म्हणाले, "वैनी, ऐका बाई, आता ती इंजिनेर झालीया." सगळे हसले. आमचे मालकही हसले. एवढंच झालं. त्याच्यापेक्षा जास्त काही झालं असतं तर बरं झालं असतं, मला सांगायला काहीतरी मिळालं असतं.

मग ती आत नैवेद्य आणायला गेली, आणि पुरुषमाणसं मोटरसायकलला हार घालायला दारात. मी करंगळीशेजारचं बोट वाटीत बुडवलं. फोनवर टिळा लावला. मग फोन उचलला, आणि ते ओलं बोट खालच्या भोकावर ठेवून दाबलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा दाबलं. पदरानं कडा पुसल्या. फोन होता तसा ठेवला.

चुकून लागलं असं म्हणता येतं, नाही का? पूजा म्हटली की ओलं कुंकू असतंच, चार बाजूंना लागतंच. घरातला कुणीही मानेल. पण मला चूक झाली म्हणायचं नाही. चूक म्हणजे आमटीत मीठ दोनदा पडतं ती. हे मी जाणूनबुजून केलं. त्या भोकात पाणी गेलं की काय होतं हे दोन महिने रोज तिच्याच तोंडून ऐकलं होतं — तिनंच मला शिकवलं होतं.

जेवणं झाल्यावर तिनं काच बसवली, कव्हर घातलं आणि फोन चार्जिंगला लावला. थोड्या वेळानं खालची बाजू तापली, जळकट वास आला आणि फोन गेला. भावजी सगळ्यांसमोर ओरडले, कसला चार्जर आणलाय म्हणून. रेखाच्या हातात ती वेल भरलेली पिशवी.

दसरा झाल्यावर फोन घेऊन सांगलीला तिच्यासोबत कोण गेलं? मीच. दुरुस्तीवाल्यानं भिंगातनं बघितलं आणि म्हणाला, "ताई, यात कुंकू गेलंय. ओलं होतं. वॉरंटीत बसत नाही, पार्ट मागवायला वेळ लागेल. चार्जर तुमचा चांगला आहे." रेखानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या जाहिरातीतली बाई बघत राहिले.

माझं ठरलं होतं — तिनं विचारलं तर सांगायचं, भांडण तर भांडण. पण विचारलंच नाही तिनं. स्टँडवर विट्याची गाडी लागली तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "आक्का, घरात कुंकवाचं सांगायचं न्हाई. तुमी काय मुद्दाम केलं व्हय? ह्यांचं तोंड लय वंगाळ हाय. तुमाला कायबाय बोलतील, त्ये मला बगवायचं न्हाई." आणि घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी तिनं सांगून टाकलं, "माजाच चार्जर भिकार निगाला. म्या स्वस्तातला आणला."

तिनं! तीन दुकानं फिरलेल्या बाईनं!

बाकीचं एका दमात सांगते. भावजी म्हणाले, जिला चार्जर कळत न्हाई तिला फोन कशाला? जाताना फोन घेऊन गेले, तिकडं दुरुस्त करून स्वतः वापरला. रेखानं जुन्या फोनवरनं तीन-चार फोटो पाठवले, त्यात बाईंना काम दिसलंच नाही. लग्नसराईचं काम माधवनगरच्या कुणा मुलीला गेलं. आरीची चौकट माळ्यावर गेली. रेखा आता गावातल्या साड्यांना फॉल लावते.

तेव्हाच सांगायला काय झालं होतं? काही झालं नव्हतं. तोंड होतं, जीभ होती, भावजी अजून चार दिवस घरात होते. मी स्वतःला एकदा असंही पटवायला गेले, की आता सांगितलं तर रेखालाच वाईट वाटेल, तिची माया वाया गेली म्हणून. छे! ही शुद्ध लबाडी आहे. तिच्यासाठी म्हणून मी आयुष्यात काही केलेलं नाही, गप्पसुद्धा बसलेले नाही.

देवापुढं नाक घासत बसणारी मी नव्हे. उपास धरले नाहीत, तिला गुपचूप साडी घेऊन दिली नाही. असल्या साडीनं काय फिटतं? उलट त्या वर्षी तिच्यावर जास्तच खेकसले. ज्याचं आपण वाईट केलं तो समोर गोड वागला की अंगाचा तिळपापड होतो. तुमचा होत नसेल. माझा झाला.

परवा रविवारी पोराच्या सोयरिकीसाठी कासेगावची माणसं आली होती. भावजी सुट्टीवर आहेत. चहा झाला, माझ्या येणाऱ्या फोनचा विषय निघाला, आणि भावजींनी दरवेळची गोष्ट काढली — आमच्या बायकोनं चाळीस रुपयांचा चार्जर लावून नव्या फोनचं भरीत कसं केलं. दरवर्षी चार्जरची किंमत खाली येते. पाहुणे हसले. "आता वैनीस्नी चार्जर आणून द्याया निघालीया, सांभाळा वैनी!" असं म्हणाले, तेव्हा तर एकानं मांडीवर थाप मारली. रेखा पदर तोंडाला लावून हसली आणि कपबशा उचलायला लागली.

मीही हसले. चार वर्षं हसतेय. त्या हसण्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा असतो, कुणीही सांगेल. परवा कपबशी उचलताना तिनं माझ्याकडं बघून डोळा बारीक केला, जसं काही आमचं दोघींचं एक गुपित आहे, आणि ती ते नीट राखून आहे.

आज दुपारी ती परत येऊन बसली होती. एकटीच होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. अर्धा तास बोलली. मी काही सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही. ती गप्प बसते ती माझ्यासाठी. मीही माझ्याचसाठी.