मामांना मी पाण्यात बसवलं

मुलांना धीर यावा म्हणून मी एक चित्रांचं पुस्तक लिहिलं आणि त्यामुळे माझे सासरे पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

मी नांदेडला आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवतो. वेल्डिंगच्या माणसानं लेकरांसाठी पुस्तक का लिहावं, हा प्रश्न माझ्या बायकोला, अनिताला, लगेच पडला. मला तो छापून झाल्यावर पडला. झालं असं, की आमच्या मुलीसाठी आणलेलं एक पुस्तक मी चाळलं. पानभर चित्र आणि खाली दोन ओळी. एवढंच असतं होय, असं वाटून मी त्याच संध्याकाळी लेखक झालो.

माझी गोष्ट साधी होती. भुऱ्या नावाचं रेडकू पाण्याला भितं. तळ्यात एक म्हातारा, चिडका रेडा ठाण मांडून बसलेला असतो. (आमच्याकडे रेड्याला हल्या म्हणतात.) तो कुणाला जागा देत नाही आणि येईल त्याला ‘तुला न्हाई जमायचं’ म्हणून परत पाठवतो. शेवटी भुऱ्या धीर करून पाण्यात उतरतो, हल्याला रडू येतं आणि तो सरकून बसतो. लिहिताना मलाही रडू आलं. अनितानं वाचून एवढंच विचारलं, की हल्या दिवसभर पाण्यात आहे, तर त्याला रडू आलेलं बाकीच्यांना कळलं कसं. मी तिला वाङ्मयाची जाण नाही असं मनात ठरवून विषय संपवला.

चित्रं काढायला घरचाच माणूस होता. माझा मेहुणा बालाजी लोहा गावात दुकानांची शटरं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतो. त्यानं काढलेला वाघ मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याकडे असा बघतो, की तो ओव्हरटेक करायचं सोडून देतो. चित्रं त्यानं मोबाइलवर पाठवली. त्या इवल्याशा पडद्यावरही हल्याच्या चेहऱ्यावरचा वैताग मला इतका जिवंत वाटला, की मी त्याला तीन-चार वेळा ‘वा’ लिहून पाठवलं. अनिताला मात्र दाखवली नाहीत. तिच्या हातात एकदम पुस्तकच ठेवायचं होतं. (लेखक झालं की माणसाला असल्या कल्पना सुचतात.)

छापायला लातूरचा एक छापखाना मिळाला. त्यांचं मुख्य काम लग्नपत्रिकांचं, पण मालक म्हणाला, कागद तोच, शाई तीच, त्यात काय एवढं. हल्याचं चित्र बघून तो जरा थबकला. ह्यांना कुठंतरी बघितलंय, म्हणाला. हल्याला तो ‘ह्यांना’ म्हणतोय, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी मात्र हल्ये सगळे सारखेच दिसतात, असं सांगून निघालो.

पुस्तकं आली ती थेट पोळ्याच्या दुपारी, सुतळीनं बांधलेली. प्रकाशन त्याच संध्याकाळी लोह्यात, सासऱ्यांच्या दारातल्या मांडवात होतं आणि प्रमुख पाहुणे स्वतः सासरे होते. त्यांना मी मामा म्हणतो, गल्लीतली लेकरं आबा म्हणतात. मामांचा गल्लीत दरारा. मिशा गालापर्यंत, डाव्या भुवईवर एक चामखीळ आणि कपाळाला कायमची आठी. जावयानं पुस्तक लिहिलं म्हणून त्यांनी नवा फेटा बांधला होता आणि अर्ध्या गावाला बोलावलं होतं.

मामांनी सुतळी सोडली, वरचं पुस्तक उचललं आणि मधलं पान उघडून लोकांसमोर धरलं. पुढं बसलेल्या लेकरांत शेजारची चिमी होती. ती चित्राकडे बघत अगदी सहज म्हणाली, “ह्यो हल्या आबावानी हाय.”

मामांनी पुस्तक आपल्याकडे फिरवलं, चष्मा लावला. मीही मान वाकवून बघितलं. मिशा गालापर्यंत होत्या. चामखीळ डाव्या भुवईवर होती. आठी तर बालाजीनं इतक्या मायेनं काढली होती, की तिला सावलीसुद्धा होती. बैलांच्या मानाच्या दिवशी माझे सासरे रेडा होऊन चिखलात बसले होते.

मामा पानं उलटत शेवटच्या पानावर गेले. तिथं हल्या सरकून बसलेला, डोळ्यांत पाणी, आणि खाली सुंदर वळणदार अक्षरांत एक ओळ. मामांनी ती मोठ्यानं वाचली, “आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं.”

(छापखान्यानं पुस्तक लग्नपत्रिकेच्या जुन्या फाइलवरच बसवलं होतं. बाकीचं सगळं पुसलं, ही ओळ राहिली.)

बायकांच्या बाजूनं सासूबाईंचा आवाज आला, “कुणाच्या?”

मामांनी पुस्तक मिटलं. माझ्याकडे बघत हळू आवाजात म्हणाले, “जावई, तुमी मला पाण्यात बसवलं, ते बसवलं. पर या वयात लगीन कशापायी?” आणि घरात निघून गेले.

त्या रात्रीची पुरणपोळी मी कोरडीच खाल्ली. तूप वाढायला कुणी आलं नाही. बालाजीला फैलावर घेतलं, तर तो म्हणाला, “दाजी, खरा हल्या एका जागी बसून राहत न्हाई. बाबा बसतात.” परतताना बसमध्ये अनिता खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे. लोह्याच्या बाहेर पडल्यावर कळलं, की ती हसू दाबत होती.

मी दोनदा फोन करून माफी मागितली. दोन्ही वेळा मामांनी फोन उचलून, ऐकून, न बोलता सासूबाईंकडे दिला.

दसऱ्याला सोनं द्यायला गेलो. मामा ओट्यावर बसले होते, समोर गल्लीतली लेकरं. मामा नाकातून हल्यासारखा आवाज काढत होते आणि एकेकाला ‘तुला न्हाई जमायचं’ म्हणून हाकलत होते. लेकरं लोळून हसत होती. मग चिमी पुढं झाली, तेव्हा ते सरकले आणि तिला शेजारी बसवून घेतलं. सासूबाईंनी सांगितलं, की अंगणवाडीच्या नावानं रडणारी ही पोर आता रोज जाते. अट एकच, हल्या सोबत पाहिजे. मामा रोज सकाळी फेटा बांधून तिथं जातात आणि टीचभर खुर्चीत बसून राहतात.

मी मामांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या हातातलं सोनं घेतलं आणि म्हणाले, “पुस्तकं संपली. लेकरं मागून राहिलीत. पुन्हा छापा.”

मला भरून आलं. लेखकाला आणखी काय हवं असतं? मी काही बदल हवेत का विचारलं.

“हल्या मोठा घ्या,” मामा म्हणाले. “आन् ते खाली बारीक अक्षरांत कायतरी लिवलंय, ते काढून टाका. कुणी वाचत न्हाई.”

नवी छपाई आता तयार आहे. आत माझा एकही शब्द नाही. मुखपृष्ठावर नाव तरी ठेव, अशी मी बालाजीला गळ घातली होती. पण त्याचं म्हणणं, तिथं हल्याचा फेटा येतो.